स्वेटर स्वस्त मिळतो, म्हणून?

विणत बसलेल्या बाईला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. ‘बाजारात तयार मिळतो की, कशाला एवढा खटाटोप?’ हा जुना. ‘एवढं छान करतेस, मग इन्स्टाग्रामवर विकत का नाहीस?’ हा नवा. पहिला हिशेबी माणसाचा, दुसरा हितचिंतकाचा. पण नजर दोघांचीही किमतीवरच.

हिशेबच मांडायचा तर विणकाम कधीच परवडत नाही. 40 टाके घालून 400 ओळींचा अगदी साधा मफलर केला, तरी 16,000 टाके होतात. मिनिटाला 25 टाके असा बरा हात असला तरी जवळजवळ अकरा तास. शिवाय लोकरीचे पैसे वेगळे. तेवढ्या पैशांत हातगाडीवर तयार मफलर मिळतो आणि वर रंगही निवडता येतो. हे विणणाऱ्यांना ठाऊक नसते असे थोडेच आहे! तरीही मुंबईच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांशेजारी एखादीच्या सुया चाललेल्या दिसतातच.

विणकामाला सलग वेळ लागत नाही, तुटक वेळ चालतो. दवाखान्यात नंबर येईपर्यंत चार ओळी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोन. सुरुवातीला उलट-सुलट टाके मोजताना कपाळाला आठ्या पडतात. एकदा हात बसला की डोळे आणि कान मोकळे होतात. गप्पा चालू राहतात, काम पुढे सरकते. ब्रिटनमधल्या एका व्यवसायोपचारविषयक नियतकालिकात 2013 मध्ये जगभरच्या 3,545 विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे जास्त वेळा विणतात ते अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे सांगतात, असे तीत आढळले. विणण्याची हौस असलेल्यांनाच विचारल्यावर ते दुसरे काय सांगणार, ही शंका रास्त आहे. पण टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली सुवर्णपदक मिळवलेला ब्रिटिश डायव्हिंगपटू टॉम डेली प्रेक्षकांत बसून निवांत विणताना जगाने पाहिला, तेव्हा त्याला कोणी प्रश्नावली दिली नव्हती. पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने एक छोटी पिशवीही विणली होती. आपल्याकडे मात्र मुलाच्या हातात सुया दिसल्या तर घरातलेच आधी हसतील.

या कामाची सर्वात मोठी गंमत उसवण्यात आहे. कापड चुकीचे कापले गेले की गेले. विणलेले पुन्हा धागा होते. मुलगा वाढला की त्याचा स्वेटर उसवायचा, लोकरीच्या लडी करून धुवायच्या, वाळवून वाकडेपणा काढायचा आणि गुंडे करायचे, ही रीत कित्येक घरांत होती. लोकर कमी पडली तर मध्ये दुसऱ्या रंगाचे पट्टे येत. मोठ्याचा स्वेटर असा धाकट्याच्या अंगावर जाई आणि पट्ट्यांमुळे तो नवाच वाटे. सुईवरून एक टाका निसटला तर खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात तसे नाही. तिथे एका वेळी एकच टाका मोकळा असतो, म्हणून नवशिक्याने भिऊ नये. साखळी, मुका खांब, खांब एवढ्यावर ताटावरचा रुमाल सहज होतो.

क्रोशाबद्दल आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. स्वेटर यंत्रावर होतात, पण खरा क्रोशा कारखान्यातल्या यंत्रावर होत नाही. यंत्राची लेस फक्त तशी दिसते. म्हणजे मॉलमधल्या खऱ्या क्रोशाच्या टॉपमागेही कुणाचे तरी हात असतात. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला रुजवली. तिथल्या बायका घरी बसून जगासाठी लेस विणू लागल्या. मारिया मीस या जर्मन अभ्यासकाचे त्यांच्यावरचे पुस्तक 1982 मध्ये आले. दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या या बायकांचे काम ‘गृहिणींचा फावल्या वेळचा उद्योग’ समजले जाई, म्हणून मजुरी तुटपुंजी आणि नफा व्यापाऱ्यांचा, असे त्यांनी दाखवून दिले. नरसापूरच्या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगलेच झाले.

तेव्हा छंद आणि मजुरी यांची गल्लत नको. स्वतःसाठी विणणारीला किमतीचा विचार करायला लावणे जितके चूक, तितकेच पोटासाठी विणणारीला ‘तुमचा तर छंदच आहे’ म्हणत भाव पाडून मागणेही चूक.

विकण्यापलीकडचे मार्गही आहेत. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांसाठी मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन सुती धाग्याचे हलके कृत्रिम स्तन विणून विनामूल्य देते. विणणाऱ्या स्वयंसेविका आपापल्या घरी बसून हे काम करतात.

एकूण काय, क्रोशाची वस्तू विकत घेताना घासाघीस करू नये. आणि विणणाऱ्या मैत्रिणीला धंद्याचा सल्ला देण्याआधी तिच्याकडून साखळी घालायला शिकून घ्यावे. क्रोशाची सुई आणि सुती दोऱ्याचा गुंडा घ्यायला फार पैसे लागत नाहीत.