अर्ज मराठीत चालतो, उत्तराचं काय?

मराठीतून कागदपत्रं द्या, ही मागणी बेळगाव, खानापूर, निपाणीला नवी नाही. निवेदनं दिली जातात, फोटो निघतात, अधिकारी 'वरिष्ठांना कळवतो' म्हणतात. भाषणांत 'घटनेनंच हक्क दिलाय' हे वाक्य हमखास असतं. पण कुठल्या कलमानं दिलाय आणि किती, हे फारसं कुणी सांगत नाही.

सामान्य माणसाच्या सर्वांत उपयोगाचं आहे ते कलम ३५०. कोणत्याही गाऱ्हाण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, तिथं वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. कर्नाटकात मराठी वापरात आहे, हे सिद्ध करायला साक्षीदार आणायची गरज नाही. घरपट्टी चुकीची लागली, उताऱ्यावर नाव चुकलं, तर तक्रार मराठीत लिहा. "कन्नडमध्ये लिहून आणा" असं म्हणत ती परत करता येत नाही.

मात्र हे कलम एकाच बाजूनं चालतं. उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं, यावर ते काहीच बोलत नाही. शिवाय ते गाऱ्हाण्यापुरतं आहे. बिल, दाखला किंवा परिपत्रक मराठीत हवं असेल तर ३५० पुढं करून भागत नाही. आपले बरेच मोर्चे इथंच चुकतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

परिपत्रकांसाठी आपण जी पंधरा टक्क्यांची अट सांगतो, ती घटनेत कुठंच लिहिलेली नाही. १९५६ ची राज्य पुनर्रचना आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षण योजना ठरली, त्यातली ती आहे. म्हणजे सरकारांनी एकमेकांना दिलेला शब्द. राज्यानं तो आपल्या कायद्यात किंवा आदेशात उतरवला असेल, तरच कोर्टात त्याला धार येते. म्हणून निवेदनात 'घटनेनुसार' असं मोघम लिहिण्यापेक्षा राज्याचा नेमका कायदा, कलम आणि आदेश क्रमांक लिहावा.

माहिती अधिकाराचीही एक गंमत आहे. २००५ च्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असं म्हटलंय. बेळगावात राजभाषा कन्नड. तेव्हा तक्रार मराठीत करता येते, पण त्या तक्रारीचं पुढं काय झालं हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत असेल तर अधिकारी अडवू शकतो. तो सरळ हिंदीत द्यावा.

गेल्या वर्षी-दीड वर्षातली चर्चा म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकाची. मराठीखाली उर्दू लिहिलं म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं उर्दू राहू दिली, कारण महाराष्ट्राच्या २०२२ च्या कायद्यात जादा भाषेला मनाई नाही. तेव्हा इथं अनेकांनी आनंदानं तो निकाल एकमेकांना पाठवला. आनंद ठीक आहे, पण तिथं नगरपरिषदेलाच ती भाषा हवी होती. जी पालिका लावायलाच तयार नाही, तिला या निकालानं भाग पाडता येत नाही.

आता उरतात ते भाषिक अल्पसंख्याक आयुक्त, कलम ३५०-ब मधले. त्यांचं विभागीय कार्यालय बरीच वर्षं बेळगावात होतं. ते चौकशी करतात, राष्ट्रपतींना अहवाल देतात, तो संसदेपुढं जातो. राज्याला हुकूम द्यायचा अधिकार त्यांना नाही. तरीही त्यांच्याकडं लेखी तक्रार गेली तर ती नोंदीवर राहते आणि पुढं धारवाड खंडपीठात कलम २२६ खाली याचिका करायची झाल्यास उपयोगी पडते.

त्यासाठी हातात कागद लागतो. मराठी अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. तोंडी नकाराचा कोर्टात काही उपयोग होत नाही.