सन्मानाचा महागाई भत्ता

‘‘शालींनी पेटी भरली, दादा. पोराच्या क्लासची फी काही भागंना.’’

सातारा जिल्ह्यातल्या एका वीरपत्नीचे हे शब्द वर्षभर पाठ सोडत नाहीत. पेटीत अकरा शाली होत्या. प्रत्येक शालीमागे एक कार्यक्रम, एक व्यासपीठ आणि ‘अमर रहे’चा गजर होता. मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. निवृत्तिवेतन वेळेवर येते, त्याबद्दल तिचे गाऱ्हाणे नाही. पण क्लासची फी, कॉट बेसिसवरची खाट आणि मेसचा डबा यांची बेरीज दर सहा महिन्यांनी पुढे सरकते आणि ती गाठताना तिची दमछाक होते.

२०२५ या वर्षाने पुष्कळ दाखवले. २२ एप्रिलचा पहलगामचा दहशतवादी हल्ला, मे महिन्यातले ऑपरेशन सिंदूर, सप्टेंबरात मराठवाड्यातल्या शेतांतली माती खरवडून नेणारा पूर, तोळ्यामागे लाखाच्या पुढे गेलेले सोने. या सगळ्यांवर या दिवाळी अंकात लेख आहेत, ते तुम्ही वाचालच. मला मात्र पुन्हा पुन्हा ती पेटी आठवते. मे महिन्यात गावोगाव तिरंगा यात्रा निघाल्या, तेव्हाही आठवली.

महाराष्ट्राला सैनिकाचे घर नवे नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ असेच लावतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाने ४६ जवान गमावले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी तिथे स्तंभ उभारला, तो आजही आहे. अशा गावांत माणूस गेल्यावर घर कसे चालते, हे आयाबायांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ठाऊक नसते ते हार घालून परतणाऱ्या आपल्यासारख्यांना.

सरकारलाही कधी कधी आठवण करून द्यावी लागते. १९७१च्या युद्धानंतर हुतात्म्यांच्या मुलांचा शिक्षणखर्च उचलण्याची योजना आली. २०१७ साली त्या मदतीवर दरमहा १० हजार रुपयांची मर्यादा घातली गेली. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले, माजी सैनिक बोलले आणि मार्च २०१८मध्ये ती मर्यादा उठली. शिक्षण महागत असताना मदतीला कुंपण घालणे चूक होते. ती सुधारली, हे चांगले झाले.

तशीच एक चूक आज आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०२२ साली जवानांना ठरावीक काळासाठी भरती करणारी अग्निपथ योजना आली. तिच्यातल्या जवानाला अग्निवीर म्हणतात. ऑक्टोबर २०२३मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अग्निवीराला सियाचीनवर मृत्यू आला. कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या सेवाकाळाचे वेतन अशी एकरकमी मदत मिळते. रक्कम मोठी आहे, हे मान्य. पण नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारे दरमहा निवृत्तिवेतन या घराला नाही. त्या निवृत्तिवेतनावर वर्षातून दोनदा वाढणारी महागाई सवलतही अर्थातच नाही.

साधा हिशेब करू. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य ४ टक्के आहे. महागाई कायम या लक्ष्याइतकीच राहिली असे धरले, तरी सुमारे १८ वर्षांत किमती दुप्पट होतात. अग्निवीर भरतीच्या वेळी अविवाहित असतो, म्हणजे मागे राहतात ते आईवडील. आज पंचेचाळिशीत असलेली आई त्रेसष्ट वर्षांची होईल, तेव्हा त्याच रकमेत निम्माच बाजार येईल. ठेव ठेवली तर व्याज किराणा, औषधे आणि गॅसमध्ये संपते आणि मुद्दल आहे तिथेच राहते. औषधांची खरी गरज नेमकी त्या उतारवयात भासते.

म्हणून या अंकाच्या पहिल्या पानावर आम्ही स्पष्ट लिहितो: कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या आईवडिलांना नियमित सैनिकाच्या आईवडिलांप्रमाणे दरमहा निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे आणि त्यावर महागाई सवलतही. बर्फ दोघांना सारखाच गोठवतो. सैनिक कुटुंबाला मिळणारी प्रत्येक ठरावीक रक्कम किमतींबरोबर आपोआप वाढली पाहिजे. त्यासाठी कुणाला अर्ज-विनंत्या कराव्या लागू नयेत. न वाढणारी रक्कम दरवर्षी थोडी थोडी काढून घेतली जाते, एवढेच की त्याचा आदेश निघत नाही.

यंदाच्या अंकाचा विषय ‘घरखर्चाची वही’ असा आहे. वाचकांनी आपल्या आई-आजीच्या वह्या आमच्याकडे विश्वासाने पाठवल्या. दूध, रॉकेल, शाळेची फी, भाऊबीज असे रकाने असलेली ती पाने चाळताना सारखे वाटत राहिले की वीरपत्नीच्या वहीतही हेच रकाने असणार. फक्त जमेच्या बाजूला लिहिणारा हात एकच.

वर्षानुवर्षे हा अंक घरी आणणारे तुम्ही आमच्या हाकेला ओ देता, म्हणून हक्काने सांगतो. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. ध्वजनिधीला हात आखडता घेऊ नका. आपल्या गावातल्या, वॉर्डातल्या सैनिकाच्या घरी जाल, तेव्हा आधी त्या माउलीजवळ बसा, मुलांच्या क्लासच्या आणि खोलीभाड्याच्या पावत्या मागून घ्या आणि चार घरांनी मिळून त्या भरा. त्या पेटीत आता बाराव्या शालीला जागा नाही.