पक्की खात्री आणि पुरेशी खात्री

दवाखान्यात रोज ऐकू येणारा एक प्रश्न आहे, ‘डॉक्टर, शंभर टक्के सांगा, या औषधानं बरं वाटेल ना?’ प्रामाणिक डॉक्टर ‘बहुतेक वाटेल, ताप उतरला नाही तर तीन दिवसांनी पुन्हा या’ एवढेच सांगतो आणि रुग्णाचा चेहरा पडतो. संध्याकाळी मोबाइलवर एखादा ‘हमखास गुणकारी’ काढा येतो. त्यात ‘बहुतेक’ नसते, ‘पुन्हा या’ नसते. साहजिकच तो अधिक भरवशाचा वाटतो. डॉक्टरांचे सल्ले काही वर्षांनी बदलतात, तज्ज्ञांत मतभेद होतात, हेही लोक पाहत असतात. त्यावरून अनेकांनी ठरवून टाकले आहे की, नक्की कोणालाच काही माहीत नाही. तेव्हा ज्याला जे पटेल ते खरे.

हा निष्कर्ष जिवावर बेतू शकतो. कधीच न बदलणारी, पक्की खात्री माणसाच्या वाट्याला क्वचितच येते, हे मान्य. पण पुरेशी खात्री मिळवता येते. ती कशी मिळते, याचा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगच्या साथीत आपल्याच मुंबईत गिरवला गेला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि साथ उघड झाली. रोगाचा जिवाणू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांना सापडला होता. म्हणजे रोग कशाने होतो, हे कळले होते. तो एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो, हे कळलेले नव्हते.

सरकारी अधिकाऱ्यांना मात्र ते कळले आहे असेच वाटत होते. घाण, कोंदट घरे, दूषित जमीन, रोग्याचे कपडे आणि रोग्याचा सहवास यांतच कारण असणार, असे त्यांनी धरले. घरांत आणि गटारांत जंतुनाशक ओतले गेले, सामान जाळले गेले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या हाताखाली सैनिक घरोघर शिरून रोगी शोधू लागले. त्या जाचातून जून १८९७ मध्ये रँड यांची हत्या घडली, हे आपण शाळेत शिकतो. शाळेत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, ज्या समजुतीवर ही सक्ती उभी होती तीच बव्हंशी चुकीची होती. गाठीच्या प्लेगचा रोगी शेजारी बसलेल्याला सहसा रोग देत नाही.

लोकांचीही स्वतःची खात्री होती. ‘उंदीर पडू लागले की घर सोडायचे’ हा त्यांचा नियम. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरी गावांत तो मुंबईच्या साथीच्या आधीपासून पाळला जाई. आपल्याकडेही लोक गाव सोडून रानात झोपड्या ठोकून राहू लागले. हे अनुभवाचे ज्ञान होते आणि ते खरे ठरले. पण रुग्णालयात नेऊन माणसांना मारतात, त्यांच्या शरीरातून औषधी तेल काढतात, ही अफवाही त्याच काळात तितक्याच ठामपणे सांगितली जात होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांच्या जमावाने हल्ला केला. उंदरांचा नियम आणि तेलाची अफवा, दोन्हींवर लोकांचा विश्वास बसला होता. त्यांतले खरे कोणते, हे ठामपणावरून ओळखणे शक्य नव्हते.

पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर १८९७ मध्ये मुंबईत काम करत होते. काही रोग्यांच्या अंगावर त्यांना बारीक फोड दिसले आणि त्या फोडांत प्लेगचे जिवाणू सापडले. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारे आजारी पडतात, पण बराच वेळ मरून पडलेला उंदीर उचलणारे सहसा पडत नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आले. उंदराचे शरीर थंड पडले की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडून जातात. मग दोष उंदराचा की पिसवांचा? जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी एका मोठ्या काचपात्रात पिसवा असलेला, प्लेगने आजारी उंदीर ठेवला आणि निरोगी उंदीर त्याला शिवू शकणार नाही अशा बेताने जाळीच्या पिंजऱ्यात वर टांगला. पहिला मेला; काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच मेला. त्यांनी उलट बाजूही पाहिली. आजारी उंदराच्या अंगावर पिसवा नसतील, तेव्हा सोबतचा निरोगी उंदीर निरोगीच राहिला.

आज हे वाचताना प्रश्न तेव्हाच सुटला असे वाटते. प्रत्यक्षात सिमाँ यांचे म्हणणे अनेकांनी फेटाळले. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगानेही ते बाजूला सारले. याचे खापर तज्ज्ञांच्या हटवादीपणावर फोडणे सोपे आहे. पण त्यांच्या शंकेलाही आधार होता. काहींनी तसे प्रयोग करून पाहिले आणि ते फसले. युरोपातल्या उंदरांवर आढळणारी नेहमीची पिसू माणसाला फारशी चावत नाही, हे तिथल्या अभ्यासकांना ठाऊक होते. त्यांचे निरीक्षण बरोबर होते, फक्त ते युरोपातल्या पिसवेबद्दल होते. मुंबईच्या उंदरांवरची पिसू वेगळ्या जातीची होती आणि उंदीर मेला की ती माणसाकडे वळत असे.

वाद मिटवायला नवा वाक्पटू माणूस नव्हे, नवे पुरावे लागले. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या आणि त्यांतले बरेच गिनीपिग प्लेगने मेले. १९०५ मध्ये नवे संशोधन मंडळ कामाला लागले. परळच्या प्रयोगशाळेच्या आवारात, म्हणजे पुढे जिला हाफकिन संस्था म्हटले जाऊ लागले तिथे, त्यांनी मुद्दाम खोल्या बांधून प्रयोग केले. जमिनीवर सोडलेल्या गिनीपिगना रोग झाला. त्याच खोलीत दोन फूट उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले, कारण पिसू तितकी उंच उडी मारू शकत नाही. पिसवेला शिरता येणार नाही अशा बारीक जाळीत ठेवलेलेही वाचले. हवा एकच, जमीन एकच, घाणही एकच. फरक फक्त पिसू पोहोचते की नाही एवढाच.

या प्रयोगांचे मोल कशात आहे? ते फसू शकत होते, यात. रोग हवेतून पसरत असता तर वर टांगलेले गिनीपिगही मेले असते आणि पिसवांचा सिद्धांत तिथेच कोसळला असता. खोटे ठरण्याची संधी देऊनही जे टिकते, त्यावर भरवसा ठेवावा. शरीरातून तेल काढण्याच्या अफवेला अशी संधी कधी मिळालीच नाही. मृतदेह दाखवला तरी ‘हा दुसराच’ म्हणता येते. कोणत्याही परिस्थितीत चूक ठरत नाही असे विधान भक्कम वाटते खरे, पण त्यातून काहीच कळत नाही.

ज्ञान तिथेही थांबले नाही. पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जिवाणूंची गाठ तयार होऊन वाट बंद होते, त्यामुळे भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि चावताना जिवाणू माणसाच्या अंगात सोडते, हे १९१४ मध्ये दाखवले गेले. जिवाणू फुप्फुसात शिरले तर मात्र प्लेग खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो, तिथे पिसवेची गरज नसते. मध्ययुगीन युरोपातल्या भीषण साथीत माणसाच्या अंगावरच्या उवा-पिसवांचाही मोठा वाटा होता का, यावर संशोधक आजही वाद घालत आहेत. म्हणजे ‘प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो’ हे वाक्यही सर्वकाळ, सर्वत्र पूर्ण खरे नाही. म्हणून ते निरुपयोगी ठरले का? नाही. उंदरांचा बंदोबस्त केला तर गाठीचा प्लेग आवरता येतो, एवढी खात्री त्याने दिली आणि ती पुरेशी होती.

आपल्या परंपरेत ज्ञानाची साधने सांगताना प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याबरोबर शब्दही सांगितला आहे, म्हणजे विश्वासू माणसाचा बोल. आपल्यापैकी बहुतेकांनी प्लेगचा जिवाणू पाहिलेला नाही, रक्तातली साखर स्वतः मोजण्याची युक्ती शोधलेली नाही. आरोग्याबाबत आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बहुतेक सारे शब्दानेच मिळाले आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रत्येकाने परळची खोली घरी बांधायची म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. प्रश्न इतकाच की, कोणाचा शब्द घ्यायचा.

त्यासाठी तीन गोष्टी विचारता येतात. हे तुम्हाला कशावरून कळले? ते चुकीचे असते तर कसे लक्षात आले असते? आणि ते कोणाला, कोणत्या परिस्थितीत लागू नाही? लस असो, काढा असो की शस्त्रक्रियेचा सल्ला, हे प्रश्न सर्वांना सारखेच विचारावेत. पदवीधराला सूट नको आणि आजीच्या बटव्यालाही नको. गावकऱ्यांचा उंदरांचा नियम या कसोटीला उतरला, अधिकाऱ्यांचा सहवासाचा सिद्धांत उतरला नाही. सल्ला बदलला तर चौथा प्रश्न विचारावा, नवा पुरावा कोणता आला? उत्तर मिळाले तर तो बदल हे दुबळेपणाचे नाही, प्रामाणिकपणाचे लक्षण समजावे.

१८९८ ते १९०६ ही आठ वर्षे फार मोठी होती. त्या काळात देशात प्लेगने लाखो माणसे गेली. तो उशीर शंका घेणाऱ्यांमुळे झाला, त्याहून अधिक खात्री बाळगणाऱ्यांमुळे झाला. ज्यांना उत्तर आधीच माहीत होते, त्यांनी मेलेल्या उंदरांकडे पाहण्याची तसदी घेतली नाही.