शब्दवेधाचा विसरलेला धडा

आवाजावरून नेम साधण्याची कल्पना आपल्या परंपरेला नवी नाही. पण शब्दवेधाला अलौकिक विद्या म्हणून गौरवताना रामायणातल्या दशरथाच्या कथेतला इशारा मात्र आपण विसरलो. शरयूकाठच्या अंधारात घागर भरल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला आणि बाण लागला तो अंध मातापित्यांच्या एकुलत्या आधाराला. कान तयार होता, हात स्थिर होता. आवाज मात्र खात्रीचा नव्हता.

डोळ्यांची साथ नसताना ही खात्री पुरवायची कोणी, हा प्रश्न पुढेही सुटला नाही. सैनिकांना अंधारात संदेश वाचता यावेत म्हणून शार्ल बार्बिए यांनी योजल्याचे सांगतात, त्या उठावाच्या खुणांतून लुई ब्रेल यांनी अंधांसाठी आपली लिपी घडवली, १८२९ मध्ये ती प्रसिद्धही केली. तरी पॅरिसच्या त्यांच्याच अंधशाळेने तिला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, कारण डोळसांना आपल्या ओळखीची उठावाची अक्षरे सोडवत नव्हती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फूर्निए दाल्ब यांच्या ऑप्टोफोनने सेलेनियमच्या आधारे छापील अक्षरे स्वरांत उतरवली. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये घुंगरांच्या चेंडूचा गोलबॉल हा खेळ जन्मला. साधन युद्धाच्या किंवा प्रयोगशाळेच्या गरजेतून येते, अंध माणूस ते आत्मसात करतो, आणि मान्यता मात्र पिढीभर मागे रेंगाळते, असा हा क्रम आहे.

१९७६ च्या टोरांटो पॅरालिम्पिकमध्ये गोलबॉल आणि नेमबाजी या दोन्ही खेळांनी एकदमच प्रवेश केला. पण नेमबाजीचे दार अंधांसाठी २०२४ च्या पॅरिसमध्येही उघडले नाही. साधन मात्र केव्हाच तयार आहे. दहा मीटरवरच्या लक्ष्यावर एअर रायफल रोखून अंध नेमबाज गाल दस्त्याला टेकवतो. बंदुकीवरचा संवेदक लक्ष्याचा प्रकाश टिपतो, आणि नळी मध्याकडे सरकेल तसतसा हेडफोनमधला स्वर चढत जातो. तो सर्वांत उंच लागताच श्वास रोखून चाप ओढायचा. दशरथाला न लाभलेली खात्री इथे मुक्या लक्ष्यालाच वाचा देऊन मिळवली आहे. मनगटाची स्थिरता आणि मनाचा संयम मात्र नेमबाजाला स्वतःच कमवावा लागतो.

म्हणून अंधांच्या या नेमबाजीला चमत्कार म्हणणे जितके चुकीचे, तितकेच दया म्हणणेही. कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या ऑलिम्पिक पदकाचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राने आपल्या शूटिंग रेंजवर ही यंत्रणा बसवावी, प्रशिक्षक तयार करावेत, स्पर्धांत स्वतंत्र गट ठेवावा. ब्रेलला मान्यता मिळाली तेव्हा ती पाहायला ब्रेल उरले नव्हते. आजच्या अंध खेळाडूंवर तीच पाळी आणली, तर या वेळी अज्ञानाची सबब आपल्याला सांगता येणार नाही.