यात्रेची वर्गणी आणि जिन्यातला दिवा

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या एस. टी. स्टँडच्या परिसरात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडमालकांच्या नावाचे फलक, आत सतरंजी, चहाचे कप आणि तारखांची वही. गावोगावचे पंच येतात, आपल्या यात्रेची तारीख सांगतात आणि सुपारी ठरते. विठाबाईंच्या गावात हा बाजार भरावा यात नवल नाही. नवल वाटते ते सुपारीच्या पैशांचे. तो गावाने घरटी वर्गणी काढून गोळा केलेला असतो आणि त्यासाठी कुणाला नोटीस द्यावी लागत नाही. मुंबईला स्थायिक झालेला माणूससुद्धा, यायला जमो न जमो, वर्गणी पाठवून देतो.

हे आठवायचे कारण म्हणजे आमच्या इमारतीची लिफ्ट. चार मजले, सोळा फ्लॅट. त्यातले सात बंद. मालक मुंबई, नवी मुंबईला. गेल्या उन्हाळ्यात लिफ्ट दुरुस्तीच्या कंत्राटाचे पैसे थकले आणि लिफ्ट बावीस दिवस बंद पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. त्यांना डॉक्टरांकडे न्यायचे तर टोमॅटो मार्केटमधले दोन हमाल बोलावून, खुर्चीत बसवून जिन्यातून उतरवावे लागले. आजी खाली पोचेपर्यंत डोळे मिटून बसल्या होत्या. त्याच आठवड्यात सभा झाली आणि मी बँकेत होतो एवढ्या गुन्ह्यासाठी मला खजिनदार करण्यात आले.

थकबाकीदारांत पहिला क्रमांक वाशीच्या भाजी मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याचा. मूळचे आमच्याच तालुक्यातले, दोन वेळच्या भाकरीसाठी मुंबईला गेलेल्या माथाडी कामगाराचे चिरंजीव. मी फोन केला.

"साहेब, आम्ही वर्षातून चार दिवस येतो. लिफ्टला बोट लावत नाही. मेंटेनन्स कशाचा?"

"यात्रेची वर्गणी दिलीत का यंदा?"

"म्हणजे काय! पाच हजार एक."

"तमाशाला होतात?"

"नाही हो. सीझनमध्ये गाळा सोडून येता येतं का?"

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "यात्रेचा हिशोब देवळाच्या फळ्यावर लागतो, साहेब. तुमचा कुठं लागतो?"

मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न घेऊन मी दप्तर उघडले.

फ्लॅटची किंमत एकदा मोजली की घर आपले झाले, अशी आपली समजूत आहे. ती वाड्यातून आणि वस्तीवरच्या घरातून आलेली आहे. वाड्याची कौले आपण परतली तर परतली. फ्लॅटमध्ये चार भिंतींच्या आतले तेवढे एकट्याचे. जिना, गच्ची, टाकी, पंप, लिफ्ट, गटार हे सगळे सोळा जणांचे, आणि ते रोज खर्च मागते. मी नोकरीत असताना शेकडो गृहकर्जे मंजूर केली. पगार विचारला, सातबारा तपासला, जामीनदार मागितला. पण "इमारतीला महिन्याला किती द्यावे लागतील?" हा प्रश्न एकाही कर्जदाराला विचारल्याचे मला आठवत नाही. तो हप्त्यात धरलेला नव्हता, म्हणून आमच्या लेखी तो खर्चच नव्हता.

खरा वाद नेहमी एकाच ठिकाणी येऊन थांबतो: घरटी की एकरी? यात्रेची वर्गणी घरटी, कालव्याच्या पाण्याची पट्टी क्षेत्रावर. येडगाव आणि वडज धरणांखालच्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. फ्लॅटमध्ये मात्र एका खोलीवाला म्हणतो एकरी, तीन खोल्यांवाला म्हणतो घरटी. यावर कायद्याचे उत्तर आहे, पण ते एक नाही, दोन आहेत; कारण आपल्याकडे इमारती दोन कायद्यांखाली चालतात. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असेल ती सोसायटी. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची असेल ते अपार्टमेंट, ज्यात प्रत्येकाला जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च या हिश्श्याच्या टक्केवारीने, म्हणजे साधारणपणे एकरी. पुण्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली हेच पुन्हा स्पष्ट केले. सोसायटीत सेवाशुल्क घरटी: झाडलोट, जिन्यातले दिवे, पहारा, कार्यालयाचा खर्च सगळ्यांवर समान. मोठ्या फ्लॅटवाल्याच्या घरातून काही जास्त माणसे जिना चढत नाहीत, असा त्यामागचा साधा विचार. लिफ्टही समान, आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिले आहे की वापरा वा न वापरा. म्हणजे तळमजल्यावाल्यालाही तो खर्च चुकत नाही आणि वाशीवाल्यालाही नाही.

पण सोसायटीतही सगळेच घरटी नसते, आणि बहुतेक भांडणे हे ठाऊक नसल्याने होतात. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर आणि आकारावर. घरपट्टी ज्याच्या फ्लॅटला जेवढी लागली तेवढी. दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का, जमिनीची किंमत वगळून. म्हणजे हे दोन्ही क्षेत्रफळाबरोबर वाढणार.

आमच्याकडे झाडलोट, वीज, लिफ्ट आणि किरकोळ मिळून महिन्याचा खर्च सोळा हजार. घरटी एक हजार. बांधकाम खर्च बारा लाख धरला तर दुरुस्ती निधी वर्षाला नऊ हजार, सिंकिंग फंड तीन हजार. महिन्याला आणखी एक हजार. एकूण दोन हजार. हा दुसरा हजार लोकांना सगळ्यात जास्त झोंबतो, कारण त्याचे काही दिसत नाही. द्राक्षाचा मांडव उभारणारा शेतकरी मात्र तारा आणि अँगल कधी तरी बदलावे लागणार हे पहिल्याच वर्षी धरून चालतो. तोच शेतकरी गावात फ्लॅट घेतो आणि स्लॅब कायमचा टिकणार अशा भरवशावर राहतो. याचे कोडे मला अजून सुटलेले नाही.

आमच्या सोळा मालकांना मी विचारले, आपली इमारत सोसायटी की अपार्टमेंट? नऊ जणांनी सोसायटी सांगितले, तिघांनी अपार्टमेंट, उरलेल्यांनी "बिल्डरला विचारा" म्हटले. कागद काढले तेव्हा सोसायटी निघाली. शेजारची इमारत हुबेहूब तशीच, त्याच रंगाची, पण अपार्टमेंट. तिथे घरटी आकारणी वर्षानुवर्षे चालू आहे आणि एक खोलीवाला निमूट भरतो आहे.

वाशीच्या गृहस्थांचे घर कोपरखैरण्याला, सिडकोच्या जमिनीवर. तिथली गोष्ट आणखी वेगळी: जमीन मुळात साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. घर विकायचे तर सिडकोचे हस्तांतरण शुल्क भरून परवानगी घ्यावी लागत असे. जमीनमालक वेगळा असला की सेवाशुल्काचे काय होते हे पाहायचे तर म्हाडाच्या मुंबईतल्या ५६ वसाहती पाहाव्या. पाणी, पंपाची वीज, दिवे यांचा खर्च म्हाडाने करायचा आणि सेवाशुल्क म्हणून रहिवाशांकडून घ्यायचा. १९९८ पासून दर वाढले, वाढीव आकारणीवर वाद झाला, थकबाकी फुगत गेली. शेवटी २०२३ साली, १९९८ ते २०२१ या काळातले वाढीव शुल्क माफ करण्याचा निर्णय शासनाला जाहीर करावा लागला. आमच्या सोळा फ्लॅटांना असा कुणी माफी देणारा नाही. महावितरणचे बिल तारखेला भरावेच लागते, नाही तर पंप बंद.

दप्तरात मला आमचीही पापे सापडली. वाशीच्या गृहस्थांच्या बिलात महिन्याला दोनशे रुपये बिनभोगवटा शुल्क लावलेले. हे शुल्क मालक स्वतः न राहता भाडेकरू ठेवतो तेव्हाचे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या दहा टक्के आहे, पूर्ण बिलाच्या नव्हे. म्हणजे आमच्याकडे फार तर शंभर रुपये. आईवडील, भाऊ, मुलगी असे घरचे कुणी राहत असले तर तेही नाही. कुलूप लावलेल्या फ्लॅटला सेवाशुल्क पूर्ण लागते, पण बिनभोगवटा लागत नाही. छत्तीस महिन्यांचे सात हजार दोनशे रुपये आम्ही त्यांच्या नावावर उगाच मांडले होते. शिवाय व्याजावर व्याज. उपविधींप्रमाणे थकबाकीवर व्याज सरळ, आणि जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के. आमच्या आधीच्या सेक्रेटरींनी चक्रवाढ लावली होती. मी बँकवाला, हे वाचून मलाच लाजल्यासारखे झाले.

म्हणजे माणूस पूर्ण चुकीचा नव्हता. त्याचे चुकले ते एवढेच की काही रक्कम खोटी वाटली म्हणून त्याने सगळीच थांबवली. बिल पटत नसेल तर वाद नसलेली रक्कम भरावी, उरलेल्यावर लेखी हरकत घ्यावी आणि हिशोब पाहायला मागावा. तो पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घेऊन तपासलेले हिशोब मांडणे हे समितीचे काम. उलट बाजूने, थकबाकीसाठी पाणी तोडणे, दारावर नावे चिकटवणे हे वसुलीचे मार्ग नव्हेत. सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ ब या कलमांचे स्वतंत्र प्रकरण आले. त्याप्रमाणे निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते. हे अस्त्र आहे, पण शेजाऱ्यावर उगारण्याआधी आपली वही नीट असलेली बरी.

मी दुरुस्त बिल पाठवले, सोबत तीन वर्षांचा जमाखर्च, आणि चुकांबद्दल समितीच्या सहीने दिलगिरी. जिन्याखाली एक फळा लावला. महिन्याच्या पाच तारखेला त्यावर खडूने जमा, खर्च, शिल्लक. पहिल्या महिन्यात दोन जणांनी फळ्यासमोर उभे राहून बेरीज केली आणि मला सतरा रुपयांची चूक दाखवली.

वाशीहून पैसे दोन हप्त्यांत आले. दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी फोन आला. "साहेब, तुमचा फळा मला फोनवर पाठवत जा दर महिन्याला. आणि ते जिन्यातल्या दिव्यांचे साडेआठशे कसे? दिवे आहेत किती?"

मी खाली जाऊन मोजले. अकरा दिवे. त्यातले तीन दिवसाही चालू होते.