शून्यही लिहा

पाथर्डी-जामखेडकडच्या शिक्षकांना सप्टेंबरच्या पावसाचे मोल सांगायला नको. जुलै-ऑगस्टने ओढ दिली तरी रब्बीची आशा त्या एका महिन्यावर तगून असते. २०२१ साली वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी याच महिन्याविषयी एक दुवा मांडला. उत्तर ध्रुवाकडच्या कारा समुद्रावरचा उन्हाळी बर्फ घटला की मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीचा संभव वाढतो. हा अजून नियम नव्हे, पण आपल्या वर्गाला ध्रुवाशी जोडायला एवढे पुरेसे आहे.

ध्रुवांवरच्या शालेय प्रकल्पांतला थर्माकोलचा हिमनग आणि कापसाचे पेंग्विन आता पुरे. मुले ते जीव ओतून करतात, मात्र त्यातून कोणालाच नवे काही कळत नाही. मुलाच्या कामाचा दुसऱ्या कोणाला उपयोग झाला, तरच तो संशोधनातला सहभाग.

अलास्कात केंजी योशिकावा या शास्त्रज्ञाने गावोगावच्या शाळांना गोठलेल्या जमिनीचे तापमान मोजायला लावले. तिथली मुले रंगीत पाण्याची नळी जमिनीत उभी सोडतात. पाणी गोठते तिथे रंग उरत नाही, म्हणून नळी वर काढली की थंडी किती खोल उतरली ते डोळ्यांना दिसते. २०१४ पासून चाललेल्या ‘पेंग्विन वॉच’मध्ये तर अंटार्क्टिकातल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतले पेंग्विन कोणीही घरबसल्या मोजू शकतो. एकच छायाचित्र अनेकांच्या नजरेखालून जाते, त्यामुळे एकाची चूक निभते. संगणक असलेल्या शाळेने हे याच महिन्यात हाती घ्यावे.

तरी प्रत्येक शाळेसाठी माझा आग्रह पर्जन्यमापकाचा. पाथर्डी-जामखेडच्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. मोजमाप या जिल्ह्याला परके नाही. शाळांची अडचण वेगळी आहे. नोंद सकाळी साडेआठलाच घ्यायची असते, आणि बहुतेक वर्षी ऐन सप्टेंबरात गणपतीची सुट्टी येते. शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांना आत्ताच पाळी लावून द्या. पाऊस नसेल त्या दिवशी ० लिहायला शिकवा. नोंद चुकली असेल, तर तिथे ० लिहू देऊ नका. ‘नोंद नाही’ असेच लिहवून घ्या.