बर्फातल्या मुली आणि आमचे मैदान

माझी ताई तालुक्याच्या हायस्कुलात आठवीला आहे. ती सॉफ्टबॉल खेळते. नाव सॉफ्टबॉल असले तरी चेंडू मऊ नसतो. मला एकदा पायाला लागला होता, दोन दिवस लंगडत होते.

गेल्या महिन्यात ताईचा संघ शहरातल्या संघाकडून हरला. तेव्हा एक मोठा माणूस म्हणाला, "खेड्यातल्या पोरींना हे जमायचं नाही." ताई त्या रात्री जेवली नाही. म्हणून मी गुरुजींना विचारले, गावावरून खेळ ठरतो का हो? गुरुजींनी नकाशा काढला आणि अमेरिकेची गोष्ट सांगितली.

तिकडे मुली शाळेबाहेरच्या संघांतूनही सॉफ्टबॉल खेळतात. सुट्टीच्या दिवशी आईवडील त्यांना मोटारीने लांबच्या गावी सामन्यांना नेतात. दक्षिण कॅलिफोर्नियात ऊन असते, बाराही महिने मैदानावर खेळता येते. मिशिगन उत्तरेला आहे. तिथे हिवाळ्यात मैदान बर्फाखाली जाते, मग मुली मोठ्या हॉलमध्ये छपराखाली सराव करतात. कॉलेजांच्या संघटनेने १९८२ पासून मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. पहिल्याच वर्षी लॉस एंजेलिसचा संघ जिंकला. पुढे २००४ पर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचा एकही संघ ती जिंकला नाही. २००५ साली मात्र मिशिगनच्या मुलींनी लॉस एंजेलिसच्याच संघाला हरवले! सामना सात डावांचा असतो, तो दहा डाव चालला. शेवटी ४-१.

आणि गंमत म्हणजे हा खेळ जन्मला तोच थंडगार शिकागोत, १८८७ साली, हॉलच्या आत. मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून चेंडू केला आणि झाडूचा दांडा घेतला बॅट म्हणून. सगळा वर्ग हसला.

मला वाटते, कॅलिफोर्नियातली मुलगी चेंडू हातात घेऊन जन्मत नाही. तिला खेळायला दिवस जास्त मिळतात आणि जवळपास खेळायला संघही पुष्कळ असतात. आमच्या मैदानात पावसाळाभर चिखल. गेल्या जुलैत आम्ही खो-खो फक्त चार दिवस खेळलो, मी मोजले आहेत. शिवाय माझी मैत्रीण सगळ्यांत जोरात पळते, पण तिला तालुक्याला पाठवले नाही. मुक्काम करावा लागतो म्हणे. मग ती दुसऱ्या गावच्या मुलींचा खेळ बघणार तरी कधी?

पालकहो, तुमच्यासाठी एक गोष्ट लिहिते. आपले समाजमंदिर लग्न नसेल तेव्हा बंदच असते. वरती पत्रे आहेत, गळत नाहीत. पावसाच्या दिवसांत शाळा सुटल्यावर एक तास ते आम्हांला द्या. झाडून आम्हीच काढू. किल्ली कुणाकडे असते ते तुम्हांला ठाऊक आहे.